जड ट्रम्पेट घ्यावं की हलकं?

पत्र : मालवणजवळच्या एका गावातून लिहितो आहे. वय 26. लग्नसराईत बँड पार्टीत ट्रम्पेट वाजवतो, डिसेंबरात फेस्तांना चर्चमध्ये, आणि अधूनमधून कुडाळच्या एका ऑर्केस्ट्रात. आजवर पार्टीचंच ट्रम्पेट वापरलं, आता स्वतःचं घ्यायचं आहे. दोन सेकंडहँड बघितली, किंमत जवळपास सारखीच. एक चांदीच्या मुलाम्याचं. वाण्याच्या काट्यावर 1 किलो 320 ग्रॅम भरलं. दुसरं लॅकरचं, म्हणजे पारदर्शक रोगणाच्या लेपाचं, 1 किलो 60 ग्रॅम. आमचे मास्तर म्हणतात, ‘जड आसात तां घे, आवाज दाट येतलो.’ ऑर्केस्ट्रातला सॅक्सोफोनवाला म्हणतो, जड घेतलंस तर अर्ध्या वरातीत हात गळेल. पिस्टनच्या खालची जड टोपणं मिळतात, ती मी आधीच मागवून ठेवली आहेत. जड ट्रम्पेटचा आवाज खरंच दाट असतो का? आणि तिन्ही कामं एकाच ट्रम्पेटवर होतील असं यातलं कुठलं?

उत्तर :

वजन ‘हाताला जड लागलं’ असं न लिहिता काट्यावर करून कळवलंत, त्यामुळे नेमकं बोलता येईल. एक खात्री तेवढी करून घ्या : दोन्ही वेळा माऊथपीस काढून ठेवला होता ना? साधा माऊथपीस 100 ग्रॅमच्या आसपास भरतो, जाड पाठीचा त्याच्या दुपटीलाही जातो. एकाला माऊथपीस लावून आणि दुसऱ्याला न लावता तोललं असेल, तर तुमच्या 260 ग्रॅमच्या फरकातले शंभरेक तिथेच गेले. आकडे माऊथपीसशिवायचे आहेत असं धरून पुढे जाऊ.

नेहमीचं बी-फ्लॅट ट्रम्पेट एक किलोपासून साधारण 1 किलो 150 ग्रॅमपर्यंत असतं. म्हणजे तुमच्या दुसऱ्या ट्रम्पेटला हलकं म्हणायचं कारण नाही, ते मध्यम वजनाचं आहे. पहिलं मात्र खरोखरच जड आहे. निवड जड आणि मध्यम यांच्यातली आहे, एवढं कळलं तरी सॅक्सोफोनवाल्याशी अर्धा वाद मिटेल.

आता मास्तरांचं म्हणणं. देवळातली मोठी घंटा गंभीर वाजते आणि हातातली छोटी किणकिणते, तेव्हा जड धातू म्हणजे दाट आवाज हे समीकरण सगळ्यांच्याच डोक्यात लहानपणी बसतं. पण घंटेत धातू वाजतो, ट्रम्पेटमध्ये हवा वाजते. ओठ थरथरतात, सुमारे 148 सेंटीमीटर लांब नळीतली हवा ती थरथर उचलते, लाट भोंग्यापाशी पोचते, थोडी बाहेर पडते आणि बरीचशी उलटून परत ओठांकडे येते. स्वर उभा राहतो तो या ये-जा करणाऱ्या लाटेवर. पितळ म्हणजे त्या हवेभोवतीचा गडगा, कुंपणाची भिंत.

हा गडगा अगदी मुका नसतो, हेही खरं. भोंग्याचा पत्रा जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचा. जोरात वाजवताना कडेला बोट टेकवलंत तर मुंग्या येतात. या थरथरीचा आवाजावर किती परिणाम होतो, यावर जाणकारांत वाद आहे आणि तो नुसत्या गप्पांवर चाललेला नाही. इंग्लंडच्या रिचर्ड स्मिथ यांनी 1980च्या दशकात वेगवेगळ्या जाडीच्या पत्र्याचे ट्रॉम्बोनचे भोंगे घेतले, वजनावरून ओळखू येऊ नयेत म्हणून समतोल सारखा केला आणि वादकांच्या डोळ्यांवर पट्टी बांधली. वादकांना जाड-पातळ ओळखता आलं नाही. दुसरीकडे अमेरिकेत रोलिन्स कॉलेजच्या थॉमस मूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्रम्पेटच्या भोंग्याभोवती वाळूच्या पिशव्या रचून त्याची थरथर दाबली, तेव्हा आवाजातला फरक यंत्रावर मोजता आला. दोन्ही एकत्र ठेवून बघितलं तर चित्र असं दिसतं : फरक आहे, पण बारीक आहे, आणि वजन हाताला कळत नसेल तर कानाला तो सहजासहजी सापडत नाही.

मग ट्रम्पेट बदललं की वाजवणाऱ्याला जमीन-अस्मानाचा फरक का वाटतो? कारण तो भोंग्याच्या मागे उभा असतो. ट्रम्पेटची धार, म्हणजे वरचे उपस्वर, सरळ पुढे जातात. तुमच्या कानाला मागे वळून येतो तो बोथट भाग, आणि त्यात दातांतून आणि डाव्या हातातून येणारी पितळेची थरथर मिसळते. हलकं ट्रम्पेट ही थरथर भरपूर देतं, म्हणून ‘वाजतंय’ असं वाटतं. जड ट्रम्पेट ती गिळून टाकतं. मग दोनपैकी एक होतं : वादकाला आवाज गोल, दाट वाटतो, नाहीतर आपण कमी वाजतोय असं वाटून तो जास्त फुंकत सुटतो. वरातीत दुसरी गोष्टच जास्त वेळा घडते, आणि तासाभरात ओठ जातात.

दाटपणा येतो कुठून, तर पहिल्यांदा माऊथपीसच्या वाटीच्या खोलीतून. मग लीडपाइपच्या, म्हणजे माऊथपीस बसतो तिथून, सूर जुळवायला सरकवतात त्या ट्यूनिंग स्लाइडपर्यंतच्या सरळ नळीच्या, आतल्या निमुळतेपणातून. मग भोंगा किती हळूहळू किंवा किती पटकन उघडतो यावरून. आणि तुम्ही किती जोरात फुंकता, यावरून तर फारच. जोर वाढला की नळीतल्या लाटेची पुढची कड उभी होत जाते, किनाऱ्याशी येताना समुद्राची लाट उभी राहते ना, तशी. कड जितकी उभी तितकी आवाजाला धार. नळी जितकी लांबवर बारीक आणि सरळ, तितकं हे जास्त होतं. कॉर्नेटची लांबी ट्रम्पेटएवढीच, पण नळी जास्त निमुळती, म्हणून तो गोल वाजतो. वजनाचा त्यात संबंध नाही.

मास्तरांसमोर ठेवायला एक जोडी देतो. अमेरिकी जॅझ ट्रम्पेटवादक विंटन मार्सालिस वाजवतात ती मोनेट कंपनीची ट्रम्पेट्स जडपणासाठीच प्रसिद्ध. जॅझमधलेच माइल्स डेव्हिस, त्यांचं ट्रम्पेट होतं मार्टिन कंपनीचं ‘कमिटी’, आणि ते वजनाला हलक्याकडे झुकणारं. सोबत खोल वाटीचा माऊथपीस. डेव्हिस यांचा आवाज पातळ होता असं कोणी म्हणेल?

तरीही वजन बिनमहत्त्वाचं नाही. प्रश्न एवढाच, की जास्तीचे ग्रॅम आहेत कुठे. एकूण वजनाचा आकडा त्याबद्दल काही सांगत नाही.

तुमचं 1 किलो 320 ग्रॅमचं ट्रम्पेट हातात घ्या आणि शोधा. माऊथपीस जिथे बसतो ती खोबणी बोटाएवढी जाड आहे का? भोंग्याची कड दुमडलेली असते, तिच्या आत तार असते. ती कड जाड आणि भरीव लागते का? ट्यूनिंग स्लाइडला एक आडवी पट्टी आहे की दोन? पिस्टनची खालची टोपणं भरीव आहेत का? आणि सगळ्यात महत्त्वाचं : कुठे ठिगळ आहे का? आपल्याकडे बँडच्या वाद्यांना दुरुस्ती करताना झाळणाचे डाग सढळ हाताने देतात. भोंग्याच्या गळ्याला पट्टी गुंडाळून झाळलेली, जोडावर डागाचा गोळा साचलेला, असं असेल तर ते वजन कारखान्याने आवाजासाठी दिलेलं वजन नव्हे. जाड पत्रा आणि भरीव ओतीव भाग वापरून बनवलेल्या स्वस्त ट्रम्पेट्सचंही तसंच. काट्यावर ती दणकून भरतात, म्हणून आवाजाला दाट असतातच असं नाही.

माऊथपीस आणि खोबणीपाशी वाढलेलं वजन वादकाला सगळ्यात जास्त जाणवतं. स्वर जागेवर घट्ट बसतात, सुरुवात स्वच्छ होते, पण स्वर हलवायला जोर लागतो. पिस्टनच्या ठोकळ्यापाशी वाढलेलं वजन हाताला फारसा त्रास देत नाही, कारण ते मुठीतच असतं. भोंग्याच्या कडेचं वजन मात्र महाग पडतं. पिस्टनपासून भोंग्याची कड साधारण 30 सेंटीमीटरवर. तिथले 50 ग्रॅम मनगटाला ओढतात तितकेच, जितके पिस्टनपासून 5 सेंटीमीटरवरचे 300 ग्रॅम. भोंगा खाली झुकला की माऊथपीस वरच्या ओठावर रुततो, वरचे स्वर आधी जातात. ‘हात गळतो’ असं सॅक्सोफोनवाला म्हणतो, पण खरी गळती ओठांची होते. सोपी परीक्षा : ट्रम्पेट आडवं करून एका बोटावर तोला. ते पहिल्या पिस्टनच्या जितकं जवळ तोललं जाईल तितकं वरातीला बरं. बोट भोंग्याकडे सरकवत न्यावं लागलं तर विचार करा. आणि अॅल्युमिनियमचा म्यूट, म्हणजे आवाज दाबायला भोंग्यात खोचतात तो, लावून पुन्हा तोलून बघा. ऑर्केस्ट्रात तो अख्खा भोंग्याच्या टोकाला असतो.

आता तुमची तीन कामं.

वरात. बाजूला ताशा, पुढे बेंजो पार्टीचे स्पीकर, वर उघडं आभाळ. आवाज परत फेकायला एक भिंत नाही. इथे दाटपणा कोणाच्या कानापर्यंत पोचत नाही, धार पोचते. हलक्या आणि मध्यम ट्रम्पेटला धार लवकर चढते. जड ट्रम्पेट खूप जोरातही न फाटता टिकतं, हा त्याचा मोठा गुण. पण ती पातळी गाठायला दम लागतो आणि तुम्हाला स्वतःला ऐकू कमी येतं. शिवाय माऊथपीस धरून जवळजवळ दीड किलो वजन दोन-तीन तास छातीसमोर.

आणि बँडमध्ये वाजतं काय? सिनेमाची गाणी, कोळीगीतं, भावगीतं. त्यांत मींड हवी, स्वर खालून उचलून घ्यायचा असतो. अर्धा पिस्टन दाबून आणि ओठ सैल सोडून ती घेतात. स्वर जागेवर घट्ट बसवणारं ट्रम्पेट नेमकं इथे आडवं येतं : पायरीवरून पायरीवर उडी मारतं, घसरत नाही. तयार वादक त्यावरही मींड काढतो, पण प्रत्येक वेळी ट्रम्पेटशी झटून. अष्टपैलूपणाचा प्रश्न आपल्याकडे असा आहे. युरोपी पद्धतीच्या वाद्यवृंदात घट्ट बसणारा स्वर हा गुण. ‘गानकोकिळेचं गाणं वाजवा’ अशी फर्माईश आली की तोच दोष.

चर्च. इथे जड ट्रम्पेटची बाजू खरोखर वरचढ आहे. भिंती कठीण, आवाज फिरतो, धार टोचते. स्वर हळुवार पण ठाम सुरू व्हायला हवा. पण खोल वाटीचा माऊथपीस लावला की मध्यम ट्रम्पेटही तिथे गोल वाजतं. माऊथपीस खिशात राहतो. 260 ग्रॅम पितळ दर वरातीला उचलावं लागतं.

ऑर्केस्ट्रा. माइकवर वजनाचा प्रश्न जवळजवळ संपतो. माइक भोंग्याच्या तोंडात घातला की आवाज चिरका आणि कोरडा येतो. वीतभर-दीड वीत मागे घेऊन किंचित तिरपा धरला की तेच ट्रम्पेट माणसाळतं. तेवढ्याने होणारा फरक कुठल्याही टोपणाने होणार नाही.

म्हणून कल दुसऱ्या ट्रम्पेटकडे. पण त्याआधी दोन्ही तपासा, कारण गळकं मध्यम ट्रम्पेट घेण्यापेक्षा निकोप जड ट्रम्पेट बरं. तपासताना माऊथपीस तुमचाच लावा, दोन्हींना तोच.

हवा गळते का बघायला दुसऱ्या पिस्टनची छोटी स्लाइड घ्या. पिस्टन न दाबता ती सेंटीमीटरभर बाहेर ओढा, चार-पाच सेकंद थांबा, मग पिस्टन दाबा. ‘टप्’ असा आवाज आला तर पिस्टन हवा धरतो. काहीच आलं नाही तर पिस्टन झिजलेला किंवा स्लाइड सैल. पहिल्या आणि तिसऱ्या स्लाइडलाही हेच करा. त्या सतत सरकवायच्या असल्याने थोड्या सैल असतात, ‘टप्’ बारीक आला तरी चालेल. गळका पिस्टन वरच्या स्वरांत फुसका वाजतो, आणि लोक त्याला ‘हलकं आहे ना, म्हणून’ असं म्हणून मोकळे होतात.

उलटी गफलतही होते. पिस्टनच्या दांड्यावरचे नमदे, म्हणजे लोकरीच्या चकत्या, दबलेले किंवा भलत्याच जाडीचे घातलेले असले, की पिस्टनची भोकं नळ्यांच्या तोंडासमोर नीट येत नाहीत. वाट अर्धवट अडते, आवाज कोंदटतो, आणि ‘जड ट्रम्पेट, दाट आवाज’ अशी दाद मिळते! ओळखायचं कसं : दाटपणा सगळ्या स्वरांवर सारखा असतो, कोंदटपणा ठरावीक पिस्टन दाबल्यावर येतो. मोकळा जी वाजवा, मग पहिला आणि दुसरा दाबून ए. मोकळा स्वर उजळ आणि दाबलेला बसका, असं झालं तर नमदे बदला. खर्च नगण्य.

माऊथपीस किती आत जातो, तेही बघाच. माऊथपीसचं टोक आणि लीडपाइपची सुरुवात यांच्यात साधारण 3 मिलिमीटर मोकळी जागा असते. मोजायला उदबत्तीची रिकामी काडी पुरते. माऊथपीस बसवून, जिथपर्यंत आत गेला तिथे पेन्सिलची खूण करा. काढून टोकापासून खुणेपर्यंत मोजा, साधारण 25 मिलिमीटर येईल. मग काडी खोबणीच्या कडेकडेने आत सरकवा. लीडपाइपच्या ओठाला अडली की तिच्यावर खूण करा, मोजा. दोन मापांतला फरक म्हणजे ती जागा. ती अगदी शून्य झाली किंवा 5-6 मिलिमीटरवर गेली, की स्वर नीट बसत नाहीत, वरचे स्वर निसटतात. खोबणी झिजली की माऊथपीस जास्त आत जातो, आणि सेकंडहँड ट्रम्पेट्समध्ये हे नेहमीचं. जड ट्रम्पेटवर स्वर घट्ट बसतात आणि हलक्यावर सैल, अशा तक्रारींमागे कितीतरी वेळा ही मिलिमीटरची भानगड असते.

लीडपाइप आतून बघा. ट्यूनिंग स्लाइड काढा, टॉर्च लावा. बाहेरून पितळेवर गुलाबी ठिपके आणि ठिपक्याच्या मधोमध काळा टिंब दिसला, तर आतून सडायला सुरुवात झाली आहे असं समजा. पितळेतलं जस्त निघून जातं, उरतं ते सच्छिद्र तांबं. थुंकी, घाम आणि आपल्याकडची खारी हवा, तिघांचं मिळून काम. इथे वजनाचा मुद्दा कोकणापुरता परत येतो : पातळ पत्र्याचं ट्रम्पेट आपल्या किनाऱ्यावर लवकर भोकं पाडून घेतं आणि टेम्पोत सामानाखाली त्याला लवकर पोचे पडतात. एक किलोच्या बऱ्याच खालचं कोणी दाखवलं तर म्हणूनच जरा सावध. तुमचं मध्यमवालं यात मोडत नाही, पण त्याचं लॅकर उडालेलं असेल तर गुलाबी ठिपक्यांसाठी डाव्या मुठीखालचा भाग नीट बघा. घाम तिथेच मुरतो.

मग वाजवून बघा. जीभ न लावता, नुसत्या फुंकीवर जी वीस वेळा हळू सुरू करा आणि किती वेळा चुकला ते मोजा. तोच स्वर आठ मात्रांत अगदी हळूपासून पूर्ण जोरापर्यंत न्या. कितव्या मात्रेला आवाज फाटायला लागतो ते लक्षात ठेवा. सी वरून बी वर पिस्टन न बदलता नुसत्या ओठाने उतरून बघा. तुमची मींड याच्यावर अवलंबून आहे. आणि शेवटी वीस मिनिटं न थांबता, भोंगा जमिनीला समांतर धरून. दुकानात पाच मिनिटं वाजवून जड ट्रम्पेट सगळ्यांनाच आवडतं.

ऐकायला कोणाला तरी तीस पावलांवर पाठ करून उभं करा. कुठलं ट्रम्पेट आधी वाजवायचं ते नाणं उडवून ठरवा. दहा वेळा. ‘हे जड, हे मध्यम’ असं त्याने दहापैकी नऊदा बरोबर सांगितलं, तर फरक खरा समजा. पाच-सहा म्हणजे नुसता अंदाज. मोबाइलवर रेकॉर्ड करणार असाल तर तोही दूर ठेवा. बहुतेक मोबाइल मोठा आवाज आपणहून दाबतात, लहान वाढवतात. जवळ ठेवला तर दोन्ही सारखीच ऐकू येतील आणि तुम्ही भलताच निष्कर्ष काढाल. मास्तरांनाच उभं करता आलं तर उत्तम. फक्त वजन त्यांना आधी सांगू नका.

दुसरं ट्रम्पेट या सगळ्यातून पार पडलं तर ते घ्या, आणि सोबत एक जादा माऊथपीस. सध्या तुमच्याकडे बाख कंपनीचा 7सी किंवा त्या मापाचा असेल, तर वरातीला आणि ऑर्केस्ट्राला तोच राहू द्या. चर्चसाठी त्याच आकड्याचा बी वाटीचा बघा. बाखच्या पद्धतीत आकडा वाटीच्या रुंदीचा. अक्षर खोलीचं, सी मध्यम आणि बी त्याहून खोल. रुंदी बदलायच्या फंदात पडू नका, 7सी 16.20 मिलिमीटर आणि 3सी 16.30, एवढासा फरकही ओठाला पंधरवडाभर छळतो. खोल माऊथपीसवर सूर किंचित उतरतो, तेव्हा ट्यूनिंग स्लाइड दोन-तीन मिलिमीटर आत घ्यायची तयारी ठेवा.

दुसरं गळकं निघालं आणि पहिलं निकोप असलं, तर पहिलं घ्यायला हरकत नाही. मग मात्र ते फुंकण्याची रीत बदला : आवाज कानाला कमी आला तरी जोर वाढवायचा नाही, समोरच्या भिंतीवरून परत येईल तोच खरा धरायचा. सराव भिंतीपासून दोन हातांवर उभं राहून करा. आणि वरातीत दोन गाण्यांमध्ये ट्रम्पेट खाली घ्या, काखेत धरून ठेवू नका.

राहिली टोपणं. ती मागवताना तुमचं ट्रम्पेट ठरलेलंच नव्हतं, आणि टोपणांचे आटे कंपनीगणिक वेगळे असतात. यामाहाचं टोपण बाखला बसेलच असं नाही. हाताने, जोर न लावता, उलटं फिरवून आटा पकडतो का बघा आणि मग दोन फेरे. अडलं तर तिथेच थांबा. पक्कड लावून बसवलंत तर टोपण राहील, पिस्टनच्या घराचे आटे जातील, आणि ती दुरुस्ती टोपणाच्या कित्येक पट महाग पडते.

बसली तरी तिन्ही एकदम लावू नका. नुसतं तिसऱ्या पिस्टनला लावून दोन दिवस वाजवा, मग पहिल्याला. बऱ्याच वादकांना तिसऱ्या एकट्याने वरचे स्वर जास्त स्थिर वाटतात, आणि तिन्ही लावली की ट्रम्पेट मंद वाटायला लागतं. आटे जुळत नसतील तर तोच प्रयोग फुकटात होतो : जाळ्याला लावतात त्या शिशाच्या गोळ्या, चाळीस-पन्नास ग्रॅम, सुती चिंधीत गुंडाळून पिस्टनच्या घराला खालच्या बाजूने चिकटपट्टीने बांधा. टोपणाच्या तळाशी बारीक भोक असतं ते झाकू नका. हवा कोंडली की पिस्टन उसळत परत येतो आणि तुम्हाला वाटेल वजनाने बिघडलं. शिसं हाताळल्यावर माऊथपीसला हात लावण्याआधी साबणाने हात धुवा. उलटा प्रयोग हवा असेल तर खालची टोपणं काढून वाजवा. स्प्रिंग पिस्टनच्या वरच्या बाजूला असलेल्या ट्रम्पेटचे पिस्टन टोपणाविना चालतात. जुन्या, खाली स्प्रिंग असलेल्या ट्रम्पेटला हे करू नका, सगळं हातात येईल.

कुठलंही घेतलंत तरी घरच्या समईसारखं चिंच किंवा आमसुलाने घासायचं नाही, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा. समईचं पितळ जाड, तिचं काही बिघडत नाही. ट्रम्पेटचं लॅकर त्या आंबटपणाने सुटतं, उघड्या पितळेतलं जस्त निघायला लागतं आणि भोंगा गुलाबी पडतो. चांदीचा मुलामा तर इतका पातळ असतो, की दर सणाला घासलात तर काही वर्षांत खालचं पितळ डोकावेल. वाजवून झाल्यावर पाण्याच्या किल्ल्या उघडून ओल काढा, ओल्या फडक्याने घाम पुसा, लगेच कोरड्या फडक्याने. महिन्यातून एकदा कोमट पाणी आणि भांड्यांचं सौम्य साबण घालून लीडपाइपमधून लवचीक ब्रश फिरवा. पावसाळ्यात पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, आणि पेटी दर चार दिवसांनी उघडी करून पंख्याखाली तासभर.